दाभण

रायपूरलगतच्या बीरगांवात सकाळी गच्ची झाडली की सुपलीभर काळी धूळ निघते. रात्री दोरीवर राहिलेल्या पांढऱ्या चादरीवर बोट फिरवलं तर रेघ उमटते. तुळशीची पानं मी रोज ओल्या फडक्यानं पुसते. दोन दिवस राहून गेलं तर हिरवा रंग ओळखू येत नाही. घराच्या एका अंगाला उरला, त्याच्या पुढे सिलतरा, आणि दोन्हीकडे स्पंज आयर्नच्या भट्ट्या, फर्नेस, रोलिंग मिल. लोहखनिज आणि कोळसा घालून लांबलचक भट्टी गोल फिरत राहते. लोखंड ट्रकांत भरून जातं, आणि धुराड्यातून जे निसटतं त्यातलं थोडं आमच्या तुळशीवर येऊन बसतं.

ही धूळ मला आणखी एका जागी भेटते. लहान मुलाचं फुप्फुस फिकट गुलाबी असतं, शंखाच्या आतल्या बाजूसारखं. शहरात चाळिशी ओलांडलेल्या कुणाच्याही फुप्फुसावर थोडे काळे ठिपके असायचेच. पण ज्यानं वीस वर्षं भट्टीसमोर काढली त्याचं फुप्फुस तळहातावर घेतलं की वरच्या पातळ आवरणाखाली काळ्या रेघांचं जाळं दिसतं. कापलं की हातमोज्याला काळं लागतं. तो माणूस कशानं गेला हे शोधायला मी तिथे उभी असते, आणि बहुतेक वेळा या जाळ्याचा त्या मृत्यूशी काही संबंध नसतो. तो ट्रकखाली आलेला असतो, शेडच्या पत्र्यावरून पडलेला असतो. तरी मी ते अहवालात लिहिते. कुणी विचारलेलं नसतं. माझ्या उलटतपासणीत आजवर एकाही वकिलानं त्या ओळीवर बोट ठेवलेलं नाही. पण तो वीस वर्षं कोणती हवा ओढत होता हे कुठेतरी लिहिलेलं असावं असं मला वाटतं, आणि लिहायची जागा माझ्या हातात असते.

मी न्यायवैद्यक शास्त्राची डॉक्टर. आजोबा रेल्वेच्या नोकरीत वर्ध्याहून रायपूरला आले तेव्हा नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होते. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आणि २००० सालच्या १ नोव्हेंबरला घर न हलवता छत्तीसगढचे झालो. वडील वॅगन रिपेअर शॉपमध्ये फिटर होते. घरात मराठी, गल्लीत हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी. एमबीबीएस रायपूरला केलं, एमडी नागपूरला. गुण कमी पडले म्हणून हिला ही शाखा घ्यावी लागली, असं नातेवाईक अजून धरून चालतात. तसं नव्हतं, मी ती मागून घेतली. दुसऱ्या वर्षाला असताना सरांनी एका अनोळखी मृतदेहाच्या पाठीवर उतरलेला जांभळा रंग दाखवला होता. म्हणाले, हा माणूस गेल्यावर कित्येक तास उताणा पडून होता, आणि तो कुशीवर सापडला असं पोलीस सांगताहेत. म्हणजे मधे कुणीतरी त्याला हलवलं आहे. मला त्या दिवशी घरी जाऊन जेवण गेलं नाही. किळस आली म्हणून नव्हे. ज्याचं तोंड कायमचं मिटलं आहे तोही इतकं सांगू शकतो, या विचारानं मी जागी राहिले.

हे ज्यांना सांगावं ते विषय बदलतात. एका हळदीकुंकवाला ओळखीतल्या बाईंनी मला कुंकू लावताना हात जरा आखडता घेतला आणि मग वाण माझ्या हातात न देता शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. मी ते उचललं, घरी आणलं. प्लॅस्टिकची डबी होती, त्यात मी अजून जिरं ठेवते.

माझी भाची इंग्लंडात असते. तिनं फोनवर विचारलं, “मावशी, म्हणजे तू कोरोनर ना?” मी नाही म्हटलं, आणि मग बराच वेळ तिला समजावत बसले. तिकडचं हे पद ११९४ सालापासूनचं. तिथला कोरोनर शव कापत नाही. तो ऐकतो, साक्षी घेतो, आणि कोण, केव्हा, कुठे, कसा गेला या चार प्रश्नांची उत्तरं देतो. अमेरिकेत कित्येक ठिकाणी तो मतं मागून निवडून येतो आणि त्यानं डॉक्टर असायलाच हवं असं नाही. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ साली कोरोनरचा कायदा केला तो मुंबई-कोलकात्यासारख्या मोजक्या शहरांपुरता. मुंबईतलं कोरोनरचं पद १९९९ साली गेलं. रायपुरात ते कधी नव्हतंच. इथे त्या एका माणसाचं काम चौघांत वाटलेलं आहे. ठाण्यातला आरक्षक, म्हणजे पोलीस, मर्ग कायम करतो, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद करतो, आणि पंच बोलावून पंचनामा लिहितो. लग्नाला सात वर्षं झालेली नसताना बाई गेली असेल, तर तहसीलदार येतो. डॉक्टर शवविच्छेदन करतो. फौजदारी संहितेचं कलम १७४ होतं, ते १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १९४ झालं. फॉर्म भरणारा आरक्षक अजून सवयीनं १७४ लिहितो आणि खोडतो.

भाचीनं मोजलं. “हे तिघेच झाले. चौथा कोण?”

चौथे कका.

कागदावर ते स्वीपर होते. कागदावर शव मी कापत असे. या देशातल्या बहुतेक चीरघरांत, म्हणजे शवविच्छेदनाच्या खोल्यांत, प्रत्यक्ष सुरी कुणाच्या हातात असते हे आम्ही सगळे डॉक्टर जाणतो आणि साक्षीच्या पिंजऱ्यात त्याचा उल्लेख कुणी करत नाही. १८३६ साली कोलकात्यात पंडित मधुसूदन गुप्तांनी मानवी शव कापलं ही घटना भारतीय वैद्यकाच्या इतिहासात सापडते, कारण वरच्या जातीच्या हातानं प्रेताला शिवण्याचं धाडस केलं होतं. ज्यांच्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या जातीनं चालत आलं त्यांच्या हातांची नोंद कुणी ठेवली नाही. ककांचे वडील हेच करत. ककांना शाळेत घालायचं राहून गेलं, पण शरीर त्यांना पाठ होतं. मी एमडी होऊन आले तेव्हा कवटीची करवत कुठल्या कोनातून धरली की मेंदूच्या आवरणाला धक्का लागत नाही हे मला त्यांनी दाखवलं. पुस्तकात ते दीड ओळीत होतं.

ते प्रेताशी बोलत. कूस बदलायची असली की म्हणत, “थोकिन एती घुंच, भाई.” जरा इकडे सरक, बाबा. पहिल्या आठवड्यात मला वाटलं दारूमुळे बडबडतात. दारू तर होतीच. दुपारनंतर वास यायचा. एकदा मी रागावून बोलले तेव्हा खाली बघून म्हणाले, “बिन पिए हाथ नइ चलय, मैडम.” मी गप्प झाले. हात चालायला मला काही लागत नव्हतं. मी फक्त बोट दाखवून सांगत होते आणि लिहीत होते.

त्यांच्याकडे एक दाभण होतं. पोती शिवायचं असतं तेच, टोकाशी किंचित वाकवलेलं, मधल्या भागात बोटांनी घासून गुळगुळीत झालेलं. एनॅमलच्या ट्रेमध्ये कडेला ठेवलेलं असायचं आणि शेजारी सुताची गुंडी. सगळीकडे चीरघरांत उघडलेलं शरीर मोठमोठे चार-सहा टाके घालून मिटवतात, बांधलेल्या गाठोड्यासारखं. घाई असते, बाहेर पुढचं वाहन उभं असतं. कका घाई करत नसत. दाभण त्वचेच्या आतून बाहेर काढायचं, मग समोरच्या कडेच्या आतून बाहेर, असं एक-एक बोटाच्या अंतरावर, दोन्ही कडा एकमेकींना भिडेपर्यंत ओढत. माझी आई गोधडीला धावदोरा घालायची तेव्हा तिचा अंगठा जसा कापडावरून पुढे पुढे सरकायचा तसाच त्यांचा सरकायचा. गळ्यापाशी आल्यावर टाके आणखी लहान होत. तिथेच कपडा सुटतो आणि घरच्यांची नजर जाते, हे त्यांना ठाऊक होतं.

एकदा एक बेवारस इसम होता. रेल्वेलाईनच्या कडेला सापडलेला, खिशात एक बिडीचं बंडल. ओळख पटवायला कुणी आलं नाही, त्याला दफन करायचं ठरलं होतं. कका नेहमीसारखे हनुवटीपासून खाली एक-एक बोटावर टाका घालत होते. दुपारचे दोन वाजले होते, मे महिना होता, आणि त्या खोलीत काय वास असेल ते ज्यांनी घेतला आहे त्यांनाच कळेल. मी म्हणाले, कका, याला आता कोण बघणार आहे? त्यांनी मान वर केली नाही.

“माटी म जाही, मैडम. खुल्ला रइही त माटी भीतरी खुसर जाही.”

मातीत जाणार आहे हा. उघडा राहिला तर माती आत शिरेल.

मी तोवर या कामाकडे ज्या ओढीनं बघत होते ती शोधण्याची ओढ होती. ती खोटी नव्हती, आजही नाही. सात-आठ वर्षांपूर्वीच्या श्रावणातली एक केस सांगते; ओळख पटेल असं काही सांगत नाही. चोवीस-पंचवीस वर्षांची बाई, लग्नाला चार वर्षं. पहाटे पोटात दुखायला लागलं, उलटी झाली, सकाळी गेली. माहेरचे म्हणत होते सासरच्यांनी विष दिलं. सासरचे म्हणत होते तिनंच काहीतरी खाल्लं असेल. नवरा ठाण्यात बसवलेला. तहसीलदार पंचनामा करून गेले होते. तिची आई दाराशी मला अडवून म्हणाली, “मोर नोनी ल जादा झन चीरहू.” माझ्या मुलीला जास्त कापू नका. मी हो म्हटलं. मला जास्तच कापावं लागणार होतं.

जठर उघडलं. कीटकनाशकाचा वास नाही, रंग नाही, आतलं अस्तर सोललेलं नाही. हृदय चांगलं. फुप्फुसं आणि मेंदू थोडे रक्तानं भरलेले, पण ते कशानंही होतं. नियमाप्रमाणे जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड बरण्यांत भरून मिठाच्या दाट पाण्यात ठेवलं. एवढ्यावर मी ‘मृत्यूचं कारण राखून ठेवलं आहे’ असं लिहून सही करू शकत होते. प्रयोगशाळेचं उत्तर यायला महिने लागतात. तेवढे महिने तो माणूस आत, आणि दोन घरं एकमेकांच्या जिवावर उठलेली.

मी पंचनामा पुन्हा वाचला. सासूचं एक वाक्य होतं, आरक्षकानं जसंच्या तसं उतरवलेलं: सकाळी ती जागी होती पण तिला डोळे उघडता येत नव्हते. पापण्या जड झाल्या होत्या. आणि ती रात्री जमिनीवर झोपली होती.

करैत. म्हणजे मण्यार. पावसाळ्यात हा साप रात्री घरात येतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंगाशी येतो, आणि असा चावतो की बरेचदा माणूस जागाही होत नाही. सूज येत नाही, रक्त येत नाही. विष नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचू देत नाही. आधी पापण्या मिटतात, मग गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. सुरुवातीला पुष्कळदा पोटात दुखतं. आईबाप अपचन समजून ओवा देतात, किंवा बैगाकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, नेतात. दंशाची खूण सुईच्या टोकाएवढी.

मी भिंग घेतलं आणि पायाच्या बोटांपासून सुरुवात केली. दोन बोटांमधली प्रत्येक बेचकी, घोटे, पोटऱ्या, हाताची बोटं, कोपर. कका दिवा धरून उभे होते. दोन तास गेले. कानाच्या मागे, केस जिथे सुरू होतात तिथे, काहीतरी होतं. कका म्हणाले, ते खरचटलं असेल. दोन बारीक ठिपके, एकमेकांपासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर. मी तिथली त्वचा हलकेच उघडली. खाली रक्ताचा लहानसा डाग.

“मिळालं!” मी ओरडले. मराठीत, मोठ्यानं. मला इतका आनंद झाला की हातातलं भिंग थरथरत होतं. आणि त्या क्षणी ककांनी काही न बोलता दिवा खाली ठेवला, टेबलाच्या कडेला सरकलेली चादर उचलली आणि तिच्या गळ्यापर्यंत ओढली. झोपलेल्या मुलीवर पांघरूण घालावं तसं. दार बंद होतं, बघणारं दुसरं कुणी नव्हतं.

मी अजूनही त्या आनंदाची लाज धरत नाही. तो नसता तर दोन तास भिंग धरून मी वाकले नसते, आणि बेचकीत शोधून थांबले असते. पण चादर ओढायचं माझ्या मनात आलं नव्हतं. इतक्या वर्षांचं शिक्षण, दोन पदव्या, आणि ते मनात आलं नव्हतं.

बाहेर येऊन मी तिच्या आईशेजारी करंजाच्या झाडाखाली बसले. सांगितलं, तिला कुणी काही दिलं नाही. तिनं स्वतःही काही घेतलं नाही. साप चावला. बाईंनी पहिल्या वाक्यावर मान हलवली. दुसऱ्या वाक्यावर त्या रडायला लागल्या. आपल्या मुलीनं आपल्याला न सांगता जीव दिला असेल, हे त्या दिवसभर कुणापुढे बोलल्या नव्हत्या. नवऱ्याला संध्याकाळी सोडलं. महसूल खात्याच्या परिपत्रकाप्रमाणे, ज्याला इथे सगळे आरबीसी छै-चार म्हणतात, सर्पदंशानं गेलेल्याच्या वारसाला चार लाख रुपये मिळतात. वीज पडून, पाण्यात बुडून गेलेल्यालाही. त्यासाठी शवविच्छेदनाचा कागद लागतो. खेड्यांत कित्येक जण कापाकापी नको म्हणून प्रेत परस्पर नेतात आणि त्या कागदाला मुकतात. मी त्यांना दोष देत नाही. ज्या तऱ्हेनं आपण कापून परत करतो ते त्यांनी पाहिलेलं असतं.

उरल्याच्या बाजूनं येणाऱ्यांचं वेगळं. तिथून जळलेले येतात, पट्ट्यात सापडलेले येतात, आणि काही असे येतात की अंगावर ओरखडाही नसतो. असाच एक बलांगीरचा तरुण आला होता. सोबत आलेला ठेकेदाराचा माणूस मी न विचारता सांगू लागला, “पिए रहिस, मैडम.” प्यायला होता. पण त्या मुलाच्या पाठीवर उतरलेला रंग जांभळा नव्हता, पिकलेल्या चेरीसारखा गुलाबी होता. नखंही गुलाबी. मी दोन परीक्षानळ्या घेतल्या, दोन्हींत पाणी, एकीत त्याचं रक्त, दुसरीत दुसऱ्या एका शवाचं, आणि दोन्हींत कॉस्टिक सोड्याचे थेंब टाकले. दुसऱ्याचं रक्त हिरवट तपकिरी झालं. त्याचं गुलाबीच राहिलं. कोळसा अर्धवट जळतो तिथे जो वायू तयार होतो, रंग नाही, वास नाही, तो रक्ताला असा धरून बसतो की प्राणवायूला जागाच उरत नाही. जठरात दारूचा वास नव्हता. रक्त सीलबंद करून तपासणीला पाठवलं आणि अहवालात प्रत्येक गोष्ट लिहिली, नळ्यांचा रंगसुद्धा. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात तर असंही होतं की कामावर मृत्यू आला असेल तर दारूचं कारण सांगून मालकाला सुटता येत नाही. हे त्या मुलाच्या भावाला ठाऊक नव्हतं. मी त्याला एका कागदावर हिंदीत लिहून दिलं. ते माझं काम नव्हतं असं मला नंतर सांगण्यात आलं.

प्रेत गाडीनं बलांगीरला जायचं होतं. ककांनी आत कापूस जास्त भरला, अर्ध्या बोटावर टाके घेतले. “रस्ता लंबा हे,” म्हणाले. रात्रभर गाडी हलणार, चादरीला डाग लागला तर आईला दिसेल.

कका निवृत्त झाले आणि दोन वर्षांत गेले. पोट फुगलं होतं, डोळे पिवळे. त्यांचं यकृत कसं झालं असेल ते मला न बघता कळत होतं, आणि बघायची गरज पडली नाही. घरच्या खाटेवर आलेल्या मृत्यूला आमच्याकडे यावं लागत नाही. मी घाटावर गेले होते. त्यांच्या सुनेनं विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, सोबत काम करत होतो.

त्यानंतर २०२४ च्या जानेवारीत वर्तमानपत्रात संतोषी दुर्गांबद्दल वाचलं. कांकेर जिल्ह्यातल्या नरहरपूरच्या आरोग्य केंद्रात त्या स्वच्छतेच्या कामावर आहेत आणि अठरा वर्षांत सातशेहून अधिक शवविच्छेदनं त्यांच्या हातून झाली. अयोध्येच्या राममंदिराच्या प्राणप्रतिष्ठेचं त्यांना निमंत्रण आलं म्हणून बातमी होती. मला बातमीतलं दुसरंच वाक्य लागलं. त्यांचे वडील हेच काम करत आणि दारूशिवाय ते होत नाही असं सांगत. मुलगी म्हणाली, होतं. आणि तिनं न पिता करून दाखवलं.

मी ते वाक्य कितीदा वाचलं असेल. इटलीत मोर्गान्यी नावाच्या डॉक्टरानं १७६१ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, आयुष्यभरात उघडून पाहिलेल्या सुमारे सातशे शरीरांचा ग्रंथ छापला आणि रोग शरीराच्या कुठल्या जागी राहतो हे जगाला कळलं. आम्हाला तो पहिल्याच तासाला शिकवतात. सातशे शरीरं नरहरपूरच्या या बाईंनीही उघडली, मिटली, धुतली. त्यांना काय काय दिसलं असेल! कुणी बसून त्यांना विचारलं पाहिजे, त्यांच्या शब्दांत लिहून घेतलं पाहिजे. माझ्या मनात एक काटाही राहिला. मी इतकी वर्षं ककांच्या शेजारी उभी होते. त्यांचा वास मला आला, त्यावर मी रागावले, नंतर दया केली. पण दाभण किंवा सुरी त्यांच्या हातातून घेऊन ‘आज मी करते, तुम्ही बसा’ असं मी कितीदा म्हणाले? बोटांवर मोजण्याइतकंच. एका माणसानं दिवसाला तीन-तीन शरीरं मिटवायची आणि त्याच्या मनात काय साठतं ते त्याचं त्यानं बघायचं, हे मी मान्य करून टाकलं होतं. दारू ही त्यांची एकट्याची सवय नव्हती. आमच्या वाटणीचं काम त्यांच्यावर टाकायची किंमत होती, आणि ती आम्ही रोज त्यांना बाटलीतून चुकती करायला लावली.

आता माझ्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत. ककांचं दाभण त्याच ट्रेमध्ये असतं. नवीन आलेला मुलगा वक्र सुई वापरतो, चांगली आहे, मी काही म्हणत नाही. पण इंटर्नशिपला येणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला मी निदान एक शरीर पूर्ण मिटवायला लावते, स्वतःच्या हातानं, आणि जमलं तर बेवारसाचं. कुरकूर होते. मागच्या थंडीत भिलाईची एक मुलगी होती, हुशार, प्रश्न विचारणारी. बस स्टँडवर गेलेला म्हातारा होता. हृदयाची रक्तवाहिनी बंद झालेली तिनं माझ्याआधी ओळखली. डोळे चमकले तिचे. ते चमकणं मला ओळखीचं वाटलं आणि बरं वाटलं. मग मी तिच्या हातात दाभण दिलं. तिनं हनुवटीखालून सुरू केलं, चार-चार बोटांवर टाके टाकत बेंबीपर्यंत पोचली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, उसव.

तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा सांगितलं. तिनं कात्रीनं एक-एक टाका कापला, दोरा ओढून काढला, दाभणात नवा ओवला. या खेपेला पहिला टाका लहान आला. दुसरा त्याच्याजवळ. डाव्या हातानं तिनं त्याचं डोकं जरासं वळवून सरळ केलं, आणि मग हात तसाच त्याच्या कपाळावर राहू दिला, उजवा हात काम करत असताना. हे मी तिला सांगितलं नव्हतं.

बाहेरून आरक्षकानं दार वाजवलं. वाहन आलं होतं, त्याला पुढे दुसरीकडे जायचं होतं.

“अउ कतका बेर लागही, मैडम?”

मी मुलीच्या हाताकडे पाहिलं. ती अजून छातीच्या मध्यापर्यंतही आली नव्हती.

“थोकिन अउ,” मी म्हटलं.